मोठा बॅजर ब्रश पहिल्यांदाच हातात आलाय, अण्णांची दाढी करायची आहे

संजय_लालबाग

नमस्कार मंडळी,

थोडं लांबलचक लिहितोय. नेमकं कुठे चुकतंय ते कळत नाहीये आणि घरात विचारण्यासारखं कोणी नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ८३ वर्षांचे आहेत. इथल्याच एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, जॉबर (मुकादम) होते. १९८२ चा संप लागला, घरात महिनोन्‌महिने पगार आला नाही, पण त्यांची सकाळची दाढी एक दिवस चुकलेली मला आठवत नाही. चाळीच्या गॅलरीत खिळ्याला आरसा, कठड्यावर पितळी वाटी, खांद्यावर पंचा. दाढीचा साबण परवडेना तेव्हा अंगाच्या साबणाची चिपटी वाटीत घासायचे. दाढी वाढलेला माणूस हरल्यासारखा दिसतो, असं म्हणायचे.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं जवळजवळ पूर्वीसारखं झालंय, पण उजवा हात अजून साथ देत नाही. फेब्रुवारीपासून त्यांची दाढी मीच करतो, एक दिवसाआड. सुरुवातीला माझा ट्रिमर वापरला. त्यांना तो आवाजच सहन होत नाही आणि हात फिरवल्यावर खुंट लागतात म्हणून चिडतात. मग त्यांचाच जुना ब्रश काढला, डुकराच्या केसांचा, लाल प्लास्टिकच्या मुठीचा. आयुष्यभर त्यांनी तोच प्रकार वापरला. पण आता त्यांची कातडी इतकी पातळ झाली आहे की तो ब्रश फिरवला की गालावर लाल रेघा उठतात. ते बोलत नाहीत, फक्त तोंड भिंतीकडे वळवतात.

माझी भाची जर्मनीत शिकते. मे महिन्यात आली तेव्हा आजोबांसाठी दाढीचा ब्रश घेऊन आली. डब्यावर सिल्व्हरटिप बॅजर असं लिहिलंय, म्हणजे बॅजर नावाच्या प्राण्याच्या पांढऱ्या टोकांच्या केसांचा. एवढा मोठा दाढीचा ब्रश मी आजवर पाहिला नव्हता. मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजला: केसांचा झुबका बुडाशी २८ मिलिमीटर, केसांची उंची ५४ मिलिमीटर. अण्णांचा जुना जेमतेम २१ चा आहे. टोकं पांढरी, मध्ये काळा पट्टा, बुडाशी पुन्हा फिकट. मूठ काळी, जाडजूड, हातात भरते. कोरडा असताना तळहातावरून फिरवला तर मांजराच्या पोटावरून हात फिरवावा तसा मऊ.

पहिल्या दिवशी मी जुन्या ब्रशची सवय म्हणून गिझरच्या कडक पाण्यात दहा मिनिटं भिजत घातला. बाहेर काढला तर ओल्या कुत्र्याचा येतो तसा वास. वाटीतल्या गोल साबणावर घोळवला, घोळवला, फेस म्हणून दिसेना. तसाच गालाला लावला आणि सगळं पाणी गळ्यावरून बनियनमध्ये. कानातही गेलं. अण्णा शहारले. मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी दाढी तशीच सोडून दिली.

दुसऱ्या वेळी पाणी झटकून घेतलं. या वेळी फेस झाला, पण झुबक्याच्या आत. दाबला की आत दिसतो, टोकांवर मात्र काही नाही. तिसऱ्या वेळी ट्यूबमधलं क्रीम घेतलं. फेस बरा आला, पण एक गाल संपेपर्यंत दुसऱ्या गालावरचा विरून गेला.

शिवाय केस गळतात, पहिल्या दिवशी सहा, नंतर चार. सुकल्यावर बुडाशी पांढरी पूड दिसते. आणि या जुलैच्या हवेत सुकतही नाही. आमच्या न्हाणीघराला खिडकी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी हात लावला तर आत गारच.

माझं तंत्र चुकतंय की ब्रशच या कामाला फार मोठा आहे? झोपलेल्या किंवा टेकून बसलेल्या माणसासाठी हा वापरावा का? मी स्वतःही हाच वापरला तर चालेल का? आणि पावसाळ्यात तो सुकवायचा कसा?

बाजूला ठेवून द्यावासा वाटत नाही, त्याचं कारण सांगतो. तिसऱ्या दिवशी तो ब्रश गालावर फिरत असताना अण्णांनी तोंड वळवलं नाही. डोळे मिटून घेतले.

---

सलूनवाला_काळाचौकी

संजयभाऊ, ब्रश उत्तम आहे, टाकू नका. आमचं वडिलांपासूनचं सलून आहे आणि आजारी, अंथरुणाला खिळलेल्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन मी पंधरा वर्षं दाढी करतोय, म्हणून हक्काने सांगतो.

आधी गरम पाण्याचं. डुकराचा केस जाड आणि ताठ, तो स्वतः पाणी पितो आणि मग नरमतो, म्हणून तो भिजत घालावा लागतो. बॅजरचा केस मुळातच टोकाला बारीक होत गेलेला असतो. तो पाणी फारसं पीत नाही, केसाकेसांच्या मध्ये धरून ठेवतो. त्याला एक-दोन मिनिटं पुरतात, तीही कोमट पाण्याची. तुमच्या हाताला चटका बसेल असं पाणी त्याला दाखवू नका. केस खराब होतात आणि झुबका ज्या गोंदाने मुठीत बसवलेला असतो तो सैल पडतो. वास आठ-दहा वेळा धुतल्यावर जाईल. नव्या ब्रशचे चार-सहा केस गळणं नेहमीचं आहे. महिन्याभराने गळती चालूच राहिली तर मात्र ब्रशात दोष समजा.

आता २८ चा झुबका. तो किती पाणी धरतो याचा अंदाज पहिल्या दिवशी कोणालाच येत नाही. भिजवा, बाहेर काढा, मुठीत धरून बुडाकडून टोकाकडे हलकेच पिळा आणि मोरीत दोन झटके द्या. पिळायचं म्हणजे पिरगळायचं नाही, गाईची धार काढतात तसं फक्त ओढायचं. असा दमट ब्रश साबणावर अर्धा मिनिट तरी फिरवा. लहान ब्रशला दहा सेकंद पुरतात, याला तेवढ्यात काहीच मिळत नाही, कारण पहिला साबण तो स्वतःच्या पोटात घेतो. तुमचा फेस आत होता आणि टोकाला नव्हता तो यामुळेच. साबण वाढवा. क्रीम असेल तर बोटाच्या एका पेराएवढं घ्या.

टेकून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर फेस घोळवायचा नाही. फेस वाटीत पूर्ण तयार करायचा आणि मग न्यायचा. रुंद वाटी घ्या, श्रीखंडाची असते तशी. पाणी चमच्याने, अर्धा-अर्धा चमचा. ब्रश उचलल्यावर फेसाचं टोक उभं राहून किंचित वाकलं की तयार. वाटी उलटी केल्यावर पडला नाही पाहिजे. तो पडला नाही तर अण्णांच्या गळ्यावरही ओघळणार नाही.

आणि एक गोष्ट, जी माझ्या वडिलांनी मला शिकवली. मोठा, लुळा ब्रश मुठीला धरून चालवू नका. बोटं खाली आणा, केसांच्या बुडाला चिमटीत धरा. मग केस फाकत नाहीत आणि २८ चा ब्रश तुमच्या हातात २२ सारखा वागतो. नाकाखाली, कानाच्या पाळीजवळ असाच धरायचा. गालावर भिंत रंगवतात तसा वर-खाली न्यायचा. गोल गोल दाबून फिरवाल तर म्हाताऱ्या कातडीला त्रास आणि ब्रशच्याही मधोमध खळगा पडतो.

डोकं दोन उशांवर उंच. गळ्याभोवती पंचा, आणि हनुवटीखाली त्याची घट्ट गुंडाळी. ब्रशच्या आधी कोमट पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटं चेहऱ्यावर ठेवा, अर्धं काम तोच करतो. उजव्या बाजूला त्यांना गाल फुगवता येत नसेल. तिथे तुमच्या डाव्या हाताच्या बोटांना तुरटी चोळा, बोटं निसटत नाहीत, आणि कातडी कानाकडे वर ताणून धरा. केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेने पातं चालवा. गळ्यावर ही दिशा प्रत्येकाची वेगळी असते. आदल्या दिवशी बोटाने चाचपून ठेवा.

---

रसायन_पार्ले

संजय, मी ३१ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. दाढीतलं मला काही कळत नाही, पण तुम्ही लिहिलेलं एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला वाटतं: सुकल्यावर बुडाशी दिसणारी पांढरी पूड.

तुमच्या न्हाणीघराच्या नळाला पाणी कुठलं येतं? महापालिकेचं, की टँकरचं किंवा बोअरिंगचं मिसळलेलं?

विचारण्याचं कारण असं. मुंबईचं पाणी तानसा, भातसा, मोडक सागर, विहार, तुळशी आणि वरच्या व मधल्या वैतरणेतून येतं. ते सरळ पावसाचं, तलावात साठलेलं पाणी. त्यात क्षार कमी, म्हणून साबण लगेच फेसाळतो. जमिनीखालचं पाणी खडकातून झिरपत येतं आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. साबण म्हणजे स्निग्धाम्लाचा सोडियम किंवा पोटॅशियमचा क्षार. जड पाण्यात त्याची गाठ कॅल्शियमशी पडली की पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच. जितका साबण साक्यात गेला तितका फेसातून वजा झाला. मोठ्या ब्रशमध्ये हे जास्त जाणवणार, कारण तो पाणीच जास्त धरतो. आणि तो साका केसांच्या बुडाशी अडकून सुकला की तुमची पूड.

एक साधी चाचणी करा, मी मुलांकडून करून घ्यायचे. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत स्वयंपाकघरातलं पिण्याचं पाणी, दुसरीत न्हाणीघरातलं, दोन्ही अर्ध्या. साध्या अंगाच्या साबणाचा वाटाण्याएवढा खडा प्रत्येकीत टाका. भांडी घासायचं द्रव किंवा शाम्पू नको, ते जड पाण्यातही फेसाळतात. वीस वेळा जोरात हलवा. जिच्यात फेस टिकेल ते मऊ पाणी. जिच्यात वर थोडासा फेस आणि खाली दुधाळ गढूळपणा दिसेल ते जड.

पूड काढायला एक पेला कोमट पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून ब्रशचे केस पाच मिनिटं त्यात बुडवा आणि मग स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. मूठ बुडवू नका.

---

संजय_लालबाग

मॅडम, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच उठलो. वरच्या मजल्यावर वॉचमनला विचारलं. आमच्या इमारतीचा पुनर्विकास झाला तेव्हापासून न्हाणीघराच्या नळाला टाकीतलं मिसळलेलं पाणी येतं, बोअरिंगचं धरून. स्वयंपाकघराला पालिकेचं स्वतंत्र. इतकी वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं.

बाटल्यांची चाचणी केली. स्वयंपाकघरातल्या पाण्यावर चार बोटं फेस, अर्ध्या तासाने पाहिला तरी होता. न्हाणीघरातलं पाणी ताकासारखं झालं.

अण्णांना दोन्ही बाटल्या दाखवल्या. ते म्हणाले, चाळीत नळाला तानसाचं पाणी यायचं, म्हणून अंगाच्या साबणाचाही फेस व्हायचा.

---

वॉर्डची_सिस्टर

संजयदादा, पालिकेच्या एका रुग्णालयात मी बरीच वर्षं परिचारिका आहे. ब्रशबद्दल वरच्या दोघांनी सांगितलंच आहे, मी अण्णांबद्दल लिहिते.

अर्धांगानंतर बहुतेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते. अण्णांना असेल तर दुधारी पात्याचा रेझर त्यांच्यासाठी वापरू नका. अशा रुग्णांना आम्ही विजेचा शेव्हरच सुचवतो. त्यांना तो अजिबात सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून कार्ट्रिजचा (बदलत्या डोक्याचा) रेझर, कार्ट्रिज नवं, एका जागी एकदाच, केसांच्या दिशेने, अजिबात न दाबता. किंचित खुंट राहिले तर राहू द्या. कापलंच तर स्वच्छ गॉजने पाच मिनिटं सलग दाबून धरा, दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघू नका.

झटक्यानंतर काहींना गिळायला त्रास होतो. तसं असेल तर ओठांवर फेस अगदी थोडा लावा, आणि झोपवून कधीच दाढी करू नका. बसवून, मान थोडी पुढे.

ब्रश दोघांत एक नको. दाढी करताना कातडीवर बारीक ओरखडे होतात आणि ओल्या ब्रशमध्ये जंतू राहतात. तो अण्णांचाच असू द्या. तसंच चोरबाजारात सुंदर मुठींचे जुने ब्रश मिळतात, ते शोभेला ठीक. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांचे दाढीचे ब्रश वापरून इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना आणि नागरिकांना अँथ्रॅक्स हा जंतूंचा घातक आजार झाला होता. आज नवे ब्रश निर्जंतुक करून येतात, पण कुठल्या तोंडावर फिरलेला आहे ते माहीत नसलेला ब्रश आजारी माणसाच्या गालाला लावू नये.

आणि शेवटचं. तुम्ही लिहिलंय की मूठ जाडजूड आहे. हात कमजोर झालेल्या रुग्णांना आम्ही चमच्याला फडकं गुंडाळून जाड करून देतो, कारण जाड वस्तू धरायला सोपी जाते, बारीक निसटते. अण्णांच्या हातात तो ब्रश एकदा देऊन पाहिलात का?

---

रंगरेषा

मी चित्रकार आहे, दादरला राहतो. ही बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. संजय यांच्या भाचीने प्रेमाने आणलेल्या वस्तूला नावं ठेवण्याचा हेतू नाही.

आमच्या पिढीने वर्षानुवर्षं मुंगसाच्या केसांचे ब्रश वापरले. जलरंगाला त्याच्यासारखं टोक नाही, असं आम्हीच एकमेकांना सांगायचो. मुंगूस आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे, हे माहीत होऊनही दुकानात मागितला की मिळायचा. २०१९ मध्ये 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाची देशभर कारवाई झाली, तेव्हा कुठे मी माझ्या टेबलावरचे ब्रश नीट पाहिले. एका ब्रशाच्या मागे प्राणी किती, हा विचार आधी मनात आलाच नव्हता. त्या दिवसापासून मी कृत्रिम केसांचेच ब्रश वापरतो.

बॅजर म्हणजे आपल्याकडचं चांदी अस्वल नव्हे, चांदी अस्वल म्हणजे हनी बॅजर. ब्रशचे केस चांदी अस्वलाच्या दूरच्या नातलगाचे असतात आणि ते मुख्यतः चीनमधून येतात. ब्रिटनमध्ये १९९२ च्या कायद्याने बॅजरला संरक्षण आहे, पण ब्रश तिथेही विकले जातात, केस बाहेरून आणून. प्राणी कसे पकडले आणि ठेवले जातात याची चित्रणं मी पाहिली आहेत. त्यानंतर असा ब्रश मी विकत घेऊ शकलो नाही.

दाढीसाठी मी तीन वर्षं कृत्रिम केसांचा २४ मिलिमीटरचा ब्रश वापरतोय. अगदी मऊ आहे, भिजत घालावा लागत नाही, वास नाही, साबण कमी लागतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात दुपारपर्यंत खडखडीत कोरडा होतो. बॅजरसारखं पाणी तो धरत नाही, हा फरक आहेच. पण झोपलेल्या माणसासाठी तो फायदाच ठरेल.

त्याआधी एकदा मी स्वतः फसलो होतो, तेही सांगतो. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून 'प्युअर बॅजर' असं लिहिलेला ब्रश घेतला. प्युअर म्हणजे सर्वांत शुद्ध, सर्वांत चांगला, असं मी धरून चाललो. प्रत्यक्षात बॅजरमध्ये प्युअर ही खालची प्रत आहे, केस काळपट आणि टोचणारे. त्याच्या वर बेस्ट, सुपर आणि मग सिल्व्हरटिप. तीही नावं प्रत्येक कारखाना आपापल्या मनाने लावतो. कोणाला नवा घ्यायचा असेल तर नावावर जाऊ नका.

---

संजय_लालबाग

सगळ्यांना मनापासून नमस्कार. आज रविवार, सविस्तर लिहितो.

सिस्टर, अण्णांना गोळी चालू आहे. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी तुमच्यासारखंच सांगितलं. दुधारी रेझर कपाटात ठेवून दिला.

रंगरेषा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. भाचीलाही पाठवला. तिला हे माहीत नव्हतं, तिला वाईट वाटलं. हा ब्रश आता आहे तो मी जपून वापरीन. माझ्यासाठी कृत्रिम केसांचा घेणार आहे, आणि यापुढे घरात बॅजर येणार नाही.

व्हिनेगरच्या पाण्यात बुडवल्यावर पूड निघाली. केस मोकळे झाले. इतके दिवस मी ज्याला ब्रशचा दोष समजत होतो तो साका होता.

मग आजची दाढी. सकाळी साडेआठला पाऊस जोरात होता. अण्णांना गॅलरीजवळच्या खुर्चीत बसवलं, पाठीला उशी. स्वयंपाकघरातलं पाणी कोमट करून पातेल्यात आणलं. बायकोने श्रीखंडाची जुनी स्टीलची वाटी शोधून दिली. ब्रश दीड मिनिट पाण्यात, धार काढल्यासारखा ओढला, दोन झटके. पेराएवढं क्रीम. पाणी चमच्याने, चार वेळा. वाटीत फेस इतका दाट झाला की माझा मुलगा बघायला आला. वाटी उलटी करून दाखवली त्याला.

बुडाला चिमटीत धरून गालावर आणला. गळ्यावर एक थेंब उतरला नाही. पंचाची गुंडाळी शेवटपर्यंत कोरडी होती. डावा गाल झाला तेव्हा उजव्या गालावरचा फेस तसाच होता. तुरटी चोळलेल्या बोटांनी उजवी बाजू ताणली, तिथेही कुठे अडखळलं नाही. वाटीत एवढा फेस उरला की आणखी दोघांची दाढी झाली असती.

पण हे सगळं अर्ध्यात थांबलं होतं, ते राहिलंच सांगायचं. सिस्टरने लिहिलं होतं म्हणून डाव्या गालाला लावल्यावर मी ब्रश अण्णांच्या उजव्या हातात दिला. माझा हात खाली धरून ठेवला होता. जुन्या ब्रशची मूठ त्यांच्या बोटांतून निसटते, ते आम्ही एप्रिलमध्ये पाहिलं होतं. ही निसटली नाही. कोपर मी उचलून धरलं आणि त्यांनी स्वतः हनुवटीवर चार-पाच वेळा ब्रश नेला. हात थरथरत होता, फेस थोडा नाकाला लागला. फिजिओथेरपीवाले रोज स्पंजचा चेंडू दाबायला सांगतात, तो ते दोन मिनिटांत टाकून देतात. ब्रश त्यांनी हात दुखेपर्यंत सोडला नाही.

नंतर आरसा मागितला. खिळ्याचा तो जुना आरसा आता नाही, बायकोचा हातातला दिला. कानाजवळ दोन केस राहिले होते ते दाखवले मला. तेवढे काढून दिले.

आता फक्त सुकवण्याचं उत्तर हवंय. सध्या हॉलमध्ये पंख्याखाली, स्टीलच्या पेल्यात मूठ खाली आणि केस वर असा ठेवलाय.

---

सलूनवाला_काळाचौकी

भाऊ, नाकाला फेस लागला म्हणजे अण्णा स्वतः दाढी करायला लागले. फार बरं वाटलं वाचून.

सुकवण्याचं: केस वर किंवा खाली, दोन्ही चालतं, फरक पडतो तो आत साबण राहिला तर. नळाखाली धुताना बोटांनी केस फाकवून बुडापर्यंत पाणी जाऊ द्या, अगदी स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत. आणि धुवायलाही स्वयंपाकघरातलंच पाणी घ्या, नाहीतर पूड परत येईल. मग ओढून पाणी काढा, झटका, आणि कोरड्या पंचावर केस वर-खाली दहा-बारा वेळा घासा. पंचा ओला होईल तेवढं पाणी आतून निघालं समजा. त्यानंतर पंखा. आपल्याकडे आता हवेतला ओलावा ८५ टक्क्यांच्या आसपास असतो, एवढा दाट झुबका चोवीस तासांत आतून सुकत नाही, म्हणून एक दिवसाआड वापरताय तेच योग्य आहे. डब्यात किंवा कपाटात बंद करू नका, बुरशी धरते. हेअर ड्रायर नको.

पुढच्या वेळी उजवा हात आधी द्या, डाव्या गालाच्याही आधी. हात ताजा असतो तेव्हा.

---

वॉर्डची_सिस्टर

आणि कोपराखाली उशी ठेवा, तुमचा एक हात मोकळा राहील. फिजिओथेरपिस्टना हे नक्की सांगा, त्यांच्या व्यायामात ब्रश धरता येईल.

---

संजय_लालबाग

उशी ठेवतो. मंगळवारी पुढची दाढी आहे, फिजिओथेरपिस्टना त्याच वेळी बोलावलंय.